जीपची पेटी आणि गजाननचं स्थळ

१ सप्टेंबर १९८५, रविवार. सौंसर

लावली! स्वतःच्या हातानं लावली, कोण्या मेकॅनिकच्या पाया पडलो नाही.

नागपूरहून आणलेली इलेक्ट्रॉनिक इग्निशनची पेटी आज जीपला बसवली. सकाळी सातला बोनेट उघडलं ते दुपारी एकला बंद केलं. विजया तीनदा जेवायला बोलावून गेली, तिसऱ्यांदा तर म्हणाली, "त्या जीपशीच लग्न करायचं होतं." पेटी साबणाच्या दोन वड्यांएवढी, वर एक लाल दिवा. आजवर ठिणगीचा सगळा करंट पॉइंटवरून, म्हणजे उघडझाप करणाऱ्या दोन टिकल्यांवरून, जायचा, पॉइंट जळायचे, आणि सकाळी गाडी रुसून बसायची. आता पॉइंटनं फक्त इशारा द्यायचा, बाकी काम पेटी करणार. आणि बिघडलंच काही, तर दिवा स्वतः सांगणार. सोबत इंग्रजी कार्ड आहे: एकदा लुकलुकला तर बॅटरी कमी, दोनदा तर पॉइंटचा इशारा येत नाही, तीनदा तर कॉइल खराब. पेटीचं अंग गाडीच्या लोखंडाला घट्ट टेकलं पाहिजे, असंही बारीक अक्षरात आहे. ते मी सगळ्यात आधी केलं. पॉलिश पेपरनं जागा घासून घासून आरशासारखी चकचकीत केली. अकरावीच्या पोरांना वीज शिकवतो, मला कोण शिकवणार?

चिंधू बाजूला उभा राहून पाहत होता. पाच वर्षांपासून तोच ही जीप सौंसर-पांढुर्णा सवारी चालवतो. म्हणाला, "मास्तर, गजाननभौले एक डाव दाखवून घेतलं असतं."

त्याला असा झापला की बोलायची सोय नाही.

खरं सांगायचं तर ही पेटी मी पॉइंटसाठी लावलीच नाही, गजाननसाठी लावली. पांढुर्ण्याच्या स्टँडसमोर त्याचं गॅरेज आहे. या भागात गाडी अडली की लोक देवाच्या आधी त्याचं नाव घेतात. माझी जीप त्याच्या दारात उभी राहू नये, एवढ्यासाठी मी हे सगळं शिकलो. आठ वर्षांपूर्वी आमच्या सुधाला त्याच्या नावाचं कुंकू लागलं होतं. साडी-नारळ झालं, पत्रिका छापून आल्या. आणि लग्नाला पंधरा दिवस उरले असताना हा सरळ घरात येतो आणि माझ्या आईसमोर म्हणतो, "मले हे लग्न करायचं नाही." कारण विचारलं तर मान खाली. माझ्या बहिणीचं आयुष्य नासवलं त्यानं. तिशीची झाली, घरी आहे. मी विसरलो नाही, विसरणार नाही. वचपा काढल्याशिवाय मरणार नाही, हे इथं लिहून ठेवतो.

५ सप्टेंबर

पहिल्या सेल्फला स्टार्ट. रोज. चिंधू म्हणतो, गाडी पाखरासारखी चालून राहिली.

शाळेत शिक्षक दिन. पोरांनी पेन दिला, त्याच पेनानं लिहीत आहे.

८ सप्टेंबर, रविवार

आज मुद्दाम जीपसोबत पांढुर्ण्याला गेलो. गजाननच्या गॅरेजसमोर गाडी उभी करायला लावली. चिंधूला म्हटलं, बंद कर, चालू कर, बंद कर, चालू कर. चार वेळा. स्टँडवरच्या लोकांनी पाहिलं.

गजानन हात पुसत बाहेर आला. केस पिकायला लागले त्याचे. बोनेट उघडून पाहिलं, म्हणाला, "चांगली आहे पेटी. बसवली पण साफ. तुम्हीच बसवली काय, मास्तर?"

"मग काय तुझ्या बापानं बसवली?"

तो हसला नाही, चिडलाही नाही. बोनेट लावून म्हणाला, "सुधा बरी आहे ना?"

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. एक तर घर उद्ध्वस्त करायचं, वर खुशाली विचारायची. चोर तो चोर वर शिरजोर! म्हटलं, "तिचं नाव पुन्हा तोंडातून काढलं तर दात हातात देईन." तो मान खाली घालून आत गेला. ही त्याची मान खाली घालायची सवय मला फार डोक्यात जाते. आठ वर्षांपूर्वीही अशीच घातली होती.

घरी आल्यावर सुधाला काही सांगितलं नाही. ती रामाकोन्याच्या शाळेत शिकवते, रोज छोट्या लाइनच्या रेल्वेनं जाते-येते. संध्याकाळी स्टेशनावरून सायकलवर येताना गाणं गुणगुणत येते. शाळेच्या पोरींना घेऊन पचमढीला जायचं म्हणते आहे, नकाशा पसरून बसली होती. बिचारी. हसून दुःख लपवते. मला सगळं समजतं.

विजया म्हणाली, "सुधाताईंना काही दुःख आहे, असं तुम्ही एकदा त्यांनाच विचारलं का?" बायकांना काय विचारायचं, काय नाही, याचा पोच नसतो. जखमेवर मीठ चोळू काय मी?

१४ सप्टेंबर, शनिवार. पोळा

चिंधूचं डोकं ठिकाणावर नाही. त्याच्या घरची बैलजोडी मागच्या साली विकली, तर यानं जीपचाच पोळा केला! सकाळी विहिरीवर नेऊन धुतली, बंपरला बेगड, आरशाला घुंगरं, झूल म्हणून बायकोचं जुनं लुगडं. काल दिवसभर गाडी त्याच्याचकडे होती. बैलाच्या शिंगांना लावायचा लाल ऑइल पेंट आणला आणि दिसेल त्याला फासला. हुक लाल, बोनेटच्या कडा लाल. आत इंजिनजवळच्या पट्ट्याही लाल. मी म्हटलं, "अरे, आत कोण पाहते?" तर म्हणाला, "बैलाच्या खुराले बी तेल लावतेत, मास्तर. ते कोन पाहते?"

सुधानं जीपला कुंकू लावून ओवाळलं. चिंधूनं पुरणाची पोळी रेडिएटरसमोर धरली आणि मग स्वतः खाल्ली. आम्ही सगळे पोट धरून हसलो. सुधा तर खाली बसली हसता हसता.

१५ सप्टेंबर

आज पांढुर्ण्याला गोटमार, नदीच्या दोन काठांवरून दगडफेकीची जत्रा, म्हणून गाडी बंद. चिंधू पाहायला गेला होता, कपाळावर एक टेंगूळ घेऊन आला आणि खूश आहे. म्हणतो, गजाननभौनं पट्टी बांधून दिली. याला पट्टी बांधायला दुसरं कोणी मिळालं नाही!

१७ सप्टेंबर

गाडी अडली. अकरा सवाऱ्या, मध्ये एक बाळंतीण. नाल्याच्या चढावर इंजिन दोनदा खोकललं आणि बंद. चिंधूनं सांगितलं, लाल दिवा दोनदा लुकलुकून राहिला होता. सवाऱ्यांनी धक्का मारून गाडी वर काढली, मग आपोआप चालू झाली.

दोन म्हणजे पॉइंट. संध्याकाळी पॉइंट काढले, घासले, फट मोजून परत बसवली. चालू करून पाहिलं, ठणठणीत. उद्या गणपती बसायचे, मखराचं काम तसंच राहिलं.

२० सप्टेंबर

आज तीन. म्हणजे कॉइल. घरात जुनी चांगली कॉइल होती, ती लावली. पंधरा मिनिटं चालली आणि दिवा परत लुकलुकला. आता दोन. मग पुन्हा तीन. वहीत तक्ता केला आहे: वेळ, ठिकाण, लुकलुक, हवा. प्रयोगशाळेतही मी इतका नेमका नसतो. खड्डा आला की बहुतेक वेळा बिघडते, असंही दिसलं, पण आमच्या रस्त्यावर खड्डा नाही अशी जागा कुठं आहे?

सवाऱ्या आता दुसऱ्या जीपमध्ये बसायला लागल्या. स्टँडवर कोणीतरी म्हणालं म्हणे, "मास्तरची जीप डोळा मारते." हे गजाननचंच बोलणं असणार. दुसऱ्या कोणाची एवढी हुशारी नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

सापडलं!

आज दिवा एकदाच लुकलुकला. म्हणजे बॅटरी. बॅटरी भरून आणली, तीही नाही. एक, दोन, तीन, सगळंच? एका गाडीत सगळंच एकदम कसं बिघडेल? आपोआप बिघडत नाही, कोणी बिघडवलं तरच. चिंधूला समोर बसवून उलटतपासणी घेतली.

"पोळ्यानंतर गाडीला कोणाचा हात लागला?"

"कोनाचा नाई, मास्तर."

"खोटं बोलू नको. कुठं उभी होती?"

बराच वेळ डोकं खाजवून बोलला. सोळा तारखेला गजाननच्या गॅरेजसमोर चहाला थांबला होता. गजाननानं बोनेट उघडलं होतं.

"उघडलं होतं? आणि तू मला आज सांगून राहिला?"

"त्याईनं हात नाई लावला. नुसतं पाह्यलं. म्हने, मास्तरले सांग, पेटी उतरवून एक डाव खालून पाहा म्हना." आणि एवढं बोलता बोलता कान लाल झाले त्याचे.

उतरवून पाहा! म्हणजे मी घासून चकचकीत करून बसवलेली पेटी उतरवायची, दहा लोकांत त्याचं ऐकलं म्हणून दिसायचं, आणि त्यानं आत काय करून ठेवलं ते माझ्याच हातानं पुसून टाकायचं. वा रे पठ्ठ्या! मी पेटीला हात लावणार नाही. चिंधूलाही सांगितलं, लावशील तर याद राख. चिंधू अगदी आनंदानं हो म्हणाला.

आधी माझी बहीण, आता माझी गाडी. गजानन खोडे, तुझी वेळ येईल.

२५ सप्टेंबर, बुधवार

आली! गणपती घरात असताना आली, म्हणजे त्याचाच आशीर्वाद म्हणायचा.

शाळेतून येतो तर बैठकीत लोधीखेड्याचे नत्थूजी बोबडे बसलेले. संत्र्याचे बगीचेवाले, भला माणूस, त्यांचा पुतण्या माझा विद्यार्थी. पिशवीभर मक्याची कणसं आणली होती. पाणी झालं, गणपतीला हात जोडून झाले, मग हळूच म्हणाले, "मास्तर, आमच्या प्रेमलताचं पाहून राहिलो. पांढुर्ण्याचा गजानन खोडे. मोटारीचं काम करते. तुमच्या माहितीतला हाये म्हंतेत."

माझ्या हातातला कप थांबला. सुधाचं आठ वर्षांपूर्वीचं यांच्या कानावर गेलेलं दिसत नव्हतं.

ते पुढं बोलले, "पितरपंधरवडा बसाच्या आंधी हो का नाई ते ठरवाचं हाये. सावनेरचं बी एक स्थळ थांबून हाये. पन मले हा पोरगा पसंत पडला. दोघाचौघाले विचारलं, सारे चांगलंच बोलतेत. म्हटलं, मास्तरचा शब्द घ्याचा आन् सुपारी फोडून टाकाची."

आमच्याकडे स्थळाची चौकशी अशीच होते. पत्रिका नंतर, आधी माणूस. मास्तर, पोस्टमास्तर, पाटील, यांच्यातला एक जण हो म्हणाला की झालं. आणि गजाननचं हो की नाही ते आज माझ्या ओट्यावर येऊन बसलं होतं! आठ वर्षं मी अंथरुणात पडल्या पडल्या काय काय योजलं होतं. याला मारीन, त्याच्या गॅरेजसमोर तमाशा करीन. हे तर मला सुचलंही नव्हतं. जसं त्यानं केलं तसंच, अगदी तेच, लग्नाच्या तोंडाशी.

पण मी घाई केली नाही. शिव्या दिल्या असत्या तर नत्थूजी म्हणाले असते, मास्तरचं काही वैर दिसतं. मी शांतपणे बोललो.

"कामात कसा हाये?"

"हाताला कसब आहे. या भागात तसा मेकॅनिक नाही."

"दारू-गिरू?"

"मी कधी पाहिलं नाही."

"मंग एक सांगा, मास्तर. छत्तीसचा झाला, दुकान हाये, घर हाये. आजवर लग्न काहून नाई केलं त्यानं?"

मी काहीच बोललो नाही. गणपतीकडे पाहिलं. कप उचलला, खाली ठेवला. नत्थूजी पुढं सरकले. "मास्तर? काही हाये काय?"

मी आणखी थोडा वेळ गप्प राहिलो. मग म्हटलं, "नत्थूजी, तुम्ही पोरीचे बाप. मला हे विचारू नका."

बस. एवढंच.

त्यांचा चेहरा पडला तो मी पाहिला. काय समजायचं ते समजले. काय समजले ते त्यांचं त्यांना माहीत. जाताना माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "मास्तर, तुमचे उपकार झाले. पोरगी वाचली."

एक अक्षर खोटं बोललो नाही. कोर्टात उभं केलं तरी कोणी धरू शकत नाही. विजयानं आतून सगळं ऐकलं, ती माझ्याशी बोलत नाही. न बोलो. आज दोन मोदक जास्त खाल्ले.

२८ सप्टेंबर, शनिवार. अनंत चतुर्दशी

मोडलं! चिंधूनं पांढुर्ण्याहून बातमी आणली. नत्थूजींनी नाही कळवलं, कारण सांगितलं नाही. गजाननच्या आईनं डाळ-तांदूळसुद्धा आणून ठेवले होते. आता समजेल तिला, कशी गेली ती रात्र माझ्या आईची. करावे तसे भरावे.

विसर्जनाला मोरया इतक्या जोरात म्हटलं की गळा बसला. सुधा नदीवर माझ्याकडे पाहत होती. म्हणाली, "दादा, आज फार खूश आहे?" म्हटलं, "आहे. तुला एक दिवस सांगीन, तूही खूश होशील."

जीप आजही दोनदा बंद पडली. पडो.

२९ सप्टेंबर, रविवार

शेवटी पेटी उतरवली. गजाननानं सांगितलं म्हणून नाही, माझ्या मनानं. बाकी काही उरलंच नव्हतं.

दोन्ही बोल्ट काढले. खाली पाहतो तर मी घासून चकचकीत केलेल्या जागेवर लालभडक ऑइल पेंटचा जाड थर! पट्टीवर रंग, बोल्टच्या भोकात रंग, पेटीच्या बुडालाही रंग. पेटी लोखंडाला टेकतच नव्हती, रंगावर बसली होती. धक्का बसला की कुठंतरी टेकायची, कुठंतरी सुटायची, आणि दिवा बिचारा तोंडाला येईल ते सांगायचा. एक, दोन, तीन.

"चिंधू!"

तो आधीच दूर जाऊन उभा होता. "पोळ्याचं होतं ना, मास्तर. पेटी उतरवून रंगवलं. नुसती बाजू रंगवून सोडाची त बरं नाई दिसत. गजाननभौनं पाह्यल्या पाह्यल्या ओळखलं. मले म्हने, सांगून दे, मास्तर रागावनार नाई. पन मले तुमचा सोभाव मालूम हाये."

बैलाची शिंगं रंगवतात तसं माझ्या पेटीचं बूड रंगवलं! याच्यावर ओरडावं की हसावं? रंग खरवडला, जागा घासली, बोल्ट आवळले. पाच मिनिटांचं काम. पांढुर्ण्याला जाऊन आली गाडी, दिवा एकदाही पेटला नाही.

म्हणजे गजाननानं गाडीला काही केलं नव्हतं. ठीक आहे. मानतो. पण पेटीचं त्याचं बरोबर निघालं म्हणून माणूस चांगला होत नाही. बहिणीचा हिशेब वेगळा.

२ ऑक्टोबर, बुधवार

हे लिहायचं नव्हतं. पण लिहितो. सुधानंच सांगितलं, लिही म्हणून.

सकाळी ती शाळेतली गांधी जयंती आटोपून रामाकोन्याहून आली, चपला न काढता माझ्या समोर उभी राहिली.

"दादा, लोधीखेड्याचे नत्थूजी आपल्या घरी आले होते?"

"कोणी सांगितलं?"

"आमच्या शाळेतल्या चंद्रकलाबाई लोधीखेड्याच्या आहेत. सगळ्या गावाला माहीत आहे. सौंसरच्या मास्तरनं गजाननबद्दल असं काही सांगितलं की पोरीच्या आईला घाम फुटला. काय सांगितलं तू?"

"काहीच नाही. एक शब्द नाही." मला अजून अभिमान वाटत होता, हे देवासमोर कबूल करतो. मी तिला सगळं सांगितलं, कप कसा ठेवला तेही. वाटलं, ती रडेल आणि म्हणेल, दादा, तूच खरा भाऊ.

ती म्हणाली, "कोणासाठी केलं हे?"

"तुझ्यासाठी! आठ वर्षं मी पाहून राहिलो. त्यानं तुला टाकलं..."

"मले कोणी टाकलं नाही." रागात आली की ती आईसारखी बोलते. "मी नाही म्हटलं होतं. मी."

मला आधी समजलंच नाही. ती बोलत राहिली. लग्नाआधी रामाकोन्याच्या शाळेच्या नेमणुकीचा कागद आला होता. गजाननच्या आईनं सांगून टाकलं, सून नोकरीला जाणार नाही. सुधानं गजाननला स्टेशनावर बोलावून घेतलं आणि म्हटलं, मला शाळा पाहिजे, लग्न नको. तो बाकावर बसला. मग म्हणाला, "कुंकू लागल्यावर पोरीनं नाही म्हटलं तं लोक तुले जगू देणार नाही. मीच नाही म्हणतो. माणसाले काय, चार दिवस बोलतीन."

"चार दिवस!" सुधा म्हणाली. "आठ वर्षं झाली. कोण बोललं आठ वर्षं? तू. रोज."

"मग सांगितलं का नाही मला?"

"आधी आईच्या धाकानं." ती खाली बसली. "आणि मग... सोयीचं होतं मले. तू त्याच्यावर चिडून बसला होता तोवर मला टाकलेली समजत होता, दुसरं स्थळ आणायला निघत नव्हता. मी शाळा केली, पोरी शिकवल्या, माझ्या मनासारखी जगले. त्याच्या जिवावर. हे माझं पाप आहे, दादा. तुझ्या त्या वहीत हेही लिही. पण तुझं वेगळं आहे. तू एकदा तरी मला विचारलं होतं काय? आठ वर्षांत एकदा? सुधा, तुला काय वाटते?"

नाही विचारलं. ती सुखात होती, आणि मी तिला रोज दुःखी समजून त्या दुःखावर माझा राग शेकत बसलो. मला स्वतःची किळस आली. विजया दारात उभी होती. महिन्यापूर्वी हेच तिनं मला विचारलं होतं.

३ ऑक्टोबर

अर्ध्या दिवसाची रजा टाकून लोधीखेड्याला गेलो. ठरवून गेलो होतो की पायावर डोकं ठेवीन.

नत्थूजी बगीच्यात होते. मी सगळं सांगितलं, सुधाचं नाव घेऊन. तीच म्हणाली होती, माझं नाव घे, लाज बाळगू नको. नत्थूजी ऐकत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, उशीर केला. पितर बसाचे होते, सावनेरवाले घाई करत होते. रविवारीच पोरीले कुंकू लागलं." खुरप्यानं माती उकरत राहिले. "खरं सांगू काय? मले तो पोरगाच आवडला होता. पोरीले बी."

"निदान लोकांना सांगा, की त्याच्यात काही खोट नव्हती."

"मी कोनाले काही बोललो नाई, मास्तर. पन घरात बायकाइले सांगा लागलं ना काहून मोडलं ते. मलेच मालूम नोहतं. म्हटलं, मास्तर चूप बसले. आता एक म्हंते त्याले टीबी हाये. एक म्हंते, नागपूरले बाई ठेवली हाये. एक त असं बोलते का तोंडानं सांगता नाई येत. कोनाकोनाच्या तोंडाले हात लावू?"

येताना गाडीत बाजूला दोन जण बसले होते. त्यातला एक दुसऱ्याला पांढुर्ण्याच्या कोण्या मेकॅनिकबद्दल काही सांगत होता. मी खिडकीतून बाहेर पाहत राहिलो.

६ ऑक्टोबर, रविवार

पांढुर्ण्याला गेलो होतो. झालं तसं लिहितो.

गजानन एका मेटॅडोरच्या खाली झोपून काम करत होता, नुसते पाय दिसत होते. दोन गिऱ्हाईकं बाकावर बसली होती, स्टँडवरची ओळखीची माणसं. मी म्हटलं, "गजानन, बाहेर ये." तो आला, हात पुसले. आठ दिवसांत उतरून गेला होता.

"सुधानं सगळं सांगितलं."

"सांगाले नको होतं," तो हळू म्हणाला. "ठरलं होतं आमचं."

मी म्हटलं, "माझ्या हातून फार मोठी चूक झाली. तू म्हणशील ते करतो. मार मला." खरंच वाटत होतं, यानं पाना उचलावा. मी आठ वर्षं त्याला मारायचं योजत होतो, त्यानं एकदा तरी मारावं, म्हणजे फिटेल.

"मारून काय होते, मास्तर?" आज त्याची मान खाली नव्हती. पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहून बोलला. "मुलताईचं एक स्थळ थांबून होतं. काल त्याइनंही नाही म्हटलं. आई जेवून नाही राहिली. सुधाच्या वेळी लोकांनी जे बोललं ते मी ऐकलं, माझ्या मनानं ऐकलं, मले त्याचं काही नाही. हे माझ्या मनानं नाही."

"मी सगळ्यांना सांगतो. जे बोललो ते परत घेतो."

"काय बोलले होते तुम्ही?"

मी बाकावरच्या दोघांकडे पाहिलं.

"नाही, सांगा. गावात चार गोष्टी चालू आहेत. टीबी आहे, बाई आहे, आणखी दोन आहेत. त्याच्यातली तुमची कोणती?"

"एकही नाही. मी काहीच बोललो नाही, गजानन. मी फक्त चूप बसलो."

त्यानं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "मंग परत काय घेसान? शब्द असता तं इथं उभं राहून म्हणता आलं असतं, का तो खोटा होता. चूप बसलेलं कसं परत घेतेत, मास्तर? मले तं नाही येत. तुम्ही शिकलेले आहा, तुम्हाले येत असन तं घ्या."

आणि तो परत मेटॅडोरखाली गेला. बाकावरची दोघं कान टवकारून बसली होती. त्यांना सगळं सांगायचं, आत्ता, मोठ्यानं, म्हणून मी तोंड उघडलं. सुधाचं नाव जिभेवर आलं आणि वाटलं, उद्या या स्टँडवर तिच्याही चार गोष्टी चालू होतील. आतून पान्याचा आवाज येत होता. त्यातला एक जण सरकून जागा करत म्हणाला, "बसा ना, मास्तर. काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही."